लिंबूटिंबू कुणी ठरवलं?

प्रश्न: ताई, माझं वय ४४. जानेवारीत जिमची वर्षाची फी भरली, मोजून १९ दिवस गेले आणि बंद. मग मैत्रीण म्हणाली रंकाळ्यावर चालायला ये, दोन दिवस गेले तर सगळे आपल्याकडंच बघतायत असं वाटायला लागलं, सारखी ओढणी सावरत चालले आणि परत आले. शाळेत पण मी कायम लिंबूटिंबू, खो-खोत राखीव, लेझीमला शेवटच्या रांगेत. घरी दोन मजले दिवसभर वरखाली चालू असतं, सासूबाई अंथरुणाला खिळून आहेत, त्यांना उठवणं-बसवणं मीच करते. एवढं सगळं होतं मग व्यायामच का होत नाही? मोटिव्हेशन आणायचं कुठनं?
- एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा सासूबाईंच्या वाक्यापाशी अडकले. अंथरुणातल्या माणसाला उठवून बसवणं म्हणजे काय ते ज्यानं केलंय त्यालाच माहीत. पाय फाकवून उभं राहायचं, गुडघे वाकवायचे, त्यांचा हात आपल्या खांद्यावर घ्यायचा आणि स्वतःच्या कमरेला हिसका बसू न देता वर यायचं. जिममध्ये यालाच स्क्वॉट म्हणतात आणि वर फी घेतात. तुम्ही मात्र ते 'घरचं काम' म्हणून सोडून दिलंय आणि स्वतःचा हिशोब अजून खो-खोवरच चाललाय.

१९८९ मध्ये फॉक्स आणि कॉर्बिन या दोन संशोधकांनी एक प्रश्नावली तयार केली, आपण आपल्या शरीराला काय समजतो ते मोजायला. त्यात चार वेगळे भाग होते: खेळ किती जमतो, दम किती, ताकद किती आणि आपण दिसतो कसे. आता तुमचं पत्र बघा. खेळाबद्दल आहे, तेही बारा वर्षांच्या मुलीचं. दिसण्याबद्दल आहे, ती ओढणी. दम आणि ताकद याबद्दल मत असं काहीच नाही, नुसती माहिती आहे आणि ती तुम्ही जाता जाता सांगितलीय.

हे तुमच्या एकटीचं नाही हो. २००७ मध्ये अमेरिकेत हॉटेलच्या खोल्या साफ करणाऱ्या ८४ बायकांवर एक प्रयोग झाला होता. दिवसभर गाद्या उचलणाऱ्या, वाकून बाथरूम घासणाऱ्या बायका, आणि त्यातल्या बऱ्याच जणींचं म्हणणं होतं की आम्ही नियमित व्यायाम करत नाही! काहींना सांगितलं की तुमचं काम हाच चांगला व्यायाम आहे, तर चार आठवड्यांत त्यांचं वजन आणि रक्तदाब थोडा उतरलेला दिसला. पुढे दुसऱ्यांनी तसाच प्रयोग केला तेव्हा तो फरक सापडला नाही, म्हणून वजनाचं मी धरून बसत नाही. पण गाद्या उचलून उचलून दमलेली बाई 'मी काही व्यायाम करत नाही' म्हणते ना, मला त्यातच सगळं दिसतं.

आता बघणाऱ्या लोकांचं. २००० साली छापलेल्या एका अभ्यासात कॉलेजच्या मुलांना लाज वाटेल असा टीशर्ट घालून भरल्या खोलीत पाठवलं होतं. त्यांना वाटलं निम्म्या लोकांनी तरी बघितला असणार, प्रत्यक्षात साधारण चौथ्या हिश्श्यानंच बघितला होता. रंकाळ्यावर संध्याकाळी येणाऱ्यांचं लक्ष कुठं असतं हे तुम्हाला मी सांगायला नको, भेळेकडं असतं.

राहिलं मोटिव्हेशन. ते आधी अंगात यावं लागतं आणि मग माणूस चालायला लागतो असं आपल्याला वाटतं, पण बरेचदा क्रम उलटा असतो. डॅरिल बेम नावाच्या मानसशास्त्रज्ञाचं म्हणणं होतं की दुसऱ्याला आपण जसं त्याच्या वागण्यावरून ओळखतो तसंच पुष्कळदा स्वतःलाही ओळखतो. आणि 'मला जमेल' हा भरवसा कुठून येतो यावर बांडुरा या दुसऱ्या मानसशास्त्रज्ञानं १९७७ पासून पुष्कळ लिहिलं, त्यात सगळ्यात वजनदार गोष्ट म्हणजे आपण स्वतः करून बघितलेलं, त्याच्या खाली आपल्यासारख्याच कुणालातरी करताना बघितलेलं. म्हणजे जिममधला सिक्स पॅकवाला ट्रेनर तुमच्या काही उपयोगाचा नाही, त्यापेक्षा ती मैत्रीण बरी. तिच्याबरोबर जा आणि पहिले काही दिवस इतकं थोडं चाला की जमलं नाही असं म्हणायची सोयच राहू नये, तिसऱ्या बाकापर्यंत आणि परत. धाप लागली की 'बघ, नाहीच झेपत' असं मनात येईल, तर तेव्हा बोलून बघा. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, म्हणजे वेग बरोबर आहे.

आणि ते १९ दिवस वाया गेले म्हणू नका. लंडनच्या एका अभ्यासात सवय अंगवळणी पडायला कुणाला १८ दिवस लागले, कुणाला २५४ लागतील असा हिशोब निघाला, मधला आकडा ६६. एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही हेही त्यात दिसलं.

प्रश्न: मुलगा ११ वर्षांचा आहे, मैदानावर जायला आवडायचं त्याला. आता रोज जावं म्हणून दिवसाला २० रुपये द्यायला लागलो तर हल्ली पैसे दिल्याशिवाय हलतच नाही. काय चुकलं?
- एक बाबा, ठाणे

उत्तर: पैसेच चुकले. आधी तो खेळायला जात होता, आता ड्युटीवर जातो. १९७३ चा एक गाजलेला प्रयोग आहे, बालवाडीतल्या ज्या मुलांना चित्रं काढायला आवडायचं त्यांना 'काढलंस तर बक्षीस' असं आधी सांगितलं, तर पुढे मोकळ्या वेळात ती मुलं स्केचपेनला कमीच हात लावायला लागली. ज्यांना न सांगता अचानक बक्षीस दिलं त्यांचं तसं झालं नाही. तेव्हा २० रुपये बंद करा, पण कारण सांगून करा, चुपचाप नको, नाहीतर पगार कापल्यासारखं वाटेल त्याला. काही दिवस जाणार नाही तो. जाऊ दे. कुठला खेळ, कुणाबरोबर, किती वाजता हे त्याला ठरवू दे, आणि आल्यावर 'किती गोल केलेस' हा प्रश्न आठवडाभर तरी गिळा.

प्रश्न: मिस्टरांचा रोज १०,००० पावलांचा हट्ट आहे. कमी पडली की झोपाळ्यावर बसून घड्याळाचा हात हलवतात. हा आकडा डॉक्टरांनी ठरवलाय का?
- एक वाचक, पुणे

उत्तर: नाही. टोकियो ऑलिंपिक १९६४ ला झालं आणि त्यानंतर वर्षभरात जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नावच 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. तिथून तो आकडा जगभर चिकटला. त्याहून कमी चाललं तरी फायदा होतोच, सांगा त्यांना. झोपाळ्याचं मात्र मी काही बोलत नाही, कारण ९,७०० वर अडकल्यावर रात्री ११ वाजता हॉलमध्ये टीपॉयभोवती चकरा मारलेल्या आहेत मी, आणि मुलीनं त्याचा व्हिडिओ काढून ठेवलाय.