ॲक्सलचं कोटेशन आणि फॉर्मवरचं 'नाही'

वाचकाचं पत्र, थोडक्यात: वय ३९, पुणे. हातात पगार २ लाख ४० हजार. पत्नी सध्या घरी, मुलगी दुसरीत. गृहकर्ज ७२ लाख शिल्लक, हप्ता ६७ हजार, घरखर्च ९० हजार, एसआयपी ३० हजार, एफडी ६ लाख. दोन वर्षांपूर्वी जुनी पोर्शे कायमन घेतली, २०१२ची. तेव्हापासून आठ दिवस रेसिंग ट्रॅकवर चालवली, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला आणि कोइम्बतूरच्या करी स्पीडवेवर. टायरचे दोन सेट संपले. दिवसाला साधारण २५ हजार पडतात. आता मागून घूं असा आवाज येतो आणि वळणातून गॅस दिला की टकटक. कोटेशन ३ लाख ४० हजारांचं: मागचा एक ॲक्सल, दोन बेअरिंग, पुढचे लोअर आर्म, चार शॉकअप, अलाइनमेंट. तिथेच दोन वर्षांची एक्सटेंडेड वॉरंटी १ लाख ६० हजारांत देताहेत. ती घ्यावी की एफडी मोडून काम करावं? बाकी सगळं व्यवस्थित आहे. गाडीला फुल इन्शुरन्स आहे. १४ महिन्यांपूर्वी दीड कोटींचा टर्म प्लॅन घेतला, सोबत ५० लाखांचा अपघाती रायडर, म्हणजे अपघाती मृत्यूसाठीची जोड-पॉलिसी. फॉर्मवर धोकादायक छंदांचा प्रश्न होता. एजंट म्हणाला, 'नाही' लिहा, उगाच प्रीमियम वाढतो.

उत्तर:

विचारलंत त्याचं उत्तर आधी देऊन टाकतो. वॉरंटी घेऊ नका, एफडी मोडू नका, काम करा पण सगळं एकदम नको. मला खरं बोलायचंय ते "बाकी सगळं व्यवस्थित आहे" याच्यापुढे तुम्ही जे लिहिलंत त्यावर.

वॉरंटीचा कागद वाचलात का? अशा कागदांत झीज वगळलेली असते. बुश, शॉकअप, ब्रेक, टायर सगळं झिजेतच मोडतं. ट्रॅकवरचा वापरही वगळलेला असतो. म्हणजे तुमच्या गाडीत जे झिजतं ते बाहेर, आणि ज्याने झिजतं तेही बाहेर. वर आज आवाज करत असलेलं बेअरिंग उद्या सुरू होणाऱ्या वॉरंटीत कोण घेणार? १ लाख ६० हजार रुपयांत तुम्हाला एक छान फोल्डर मिळेल.

तुमचं कोटेशन नाव-नंबर झाकून भोसरीतल्या एका ओळखीच्या गॅरेजवाल्याला दाखवलं. दोन मिनिटं वाचून त्याने विचारलं, "गाडी खाली केलीय का?" म्हणजे तिची जमिनीपासूनची उंची कमी केलीय का. पत्रात तसं काही नव्हतं, पण केली असेल तर ॲक्सलच्या सीव्ही जॉइंटचा, म्हणजे चाकाला फिरवणाऱ्या त्याच्या लवचिक सांध्याचा, कोन बदलतो आणि तो लवकर जातो. बाकी त्याने सांगितलं ते असं: रस्त्यावर आपण वळण घेतो तेव्हा आडवा जोर गाडीच्या वजनाच्या पाव ते एक तृतीयांश. ट्रॅकवर चिकट टायर लावले की तो वजनाएवढा होतो. तुमची गाडी तेराशे किलोंच्या पुढची, म्हणजे तेवढाच जोर आडवा, आणि तो पेलायचा बाहेरच्या दोन चाकांच्या बेअरिंगांनी आणि आर्मच्या रबरी बुशांनी. त्यातच ब्रेकची धग. ग्रीस पातळ होतं, रबर कडक होऊन तडकतं. सीव्ही जॉइंटचा बूट, म्हणजे त्यावरचं रबरी आवरण, फाटला की ग्रीस बाहेर, धूळ आत, आणि मग टकटक. बूट काही हजारांचा, ॲक्सल लाखाच्या घरात. फाटलेला बूट गाडी वर उचलून टॉर्च मारला की दिसतो, पण आठ दिवसांत तुम्ही एकदाही गाडी वर उचलून पाहिली नसावी. लोअर आर्मचा आकडा फुगतो कारण बुश सुटा येत नाही, कंपनीकडून अख्खा आर्मच घ्यावा लागतो.

त्याच्या मते ॲक्सल, बेअरिंग, आर्म आणि अलाइनमेंट आता करा, हे सुमारे २ लाख २० हजार. शॉकअपचे १ लाख २० हजार, ते तेल गळत असेल तरच लगेच. हा निर्णय गाडी बघूनच होईल, कोटेशन वाचून नाही. पैसे कुठून? सगळं वजा जाता तुमच्याकडे महिन्याला ५३ हजार उरतात. चार-सव्वाचार महिने ट्रॅक बंद, काम पूर्ण. एफडीला हात लावू नका. हप्ता आणि घरखर्च मिळून १ लाख ५७ हजार होतात, म्हणजे सहा लाखांत तुमचं घर चार महिनेही चालत नाही. ती मुळात अपुरी आहे.

आता ते "दिवसाला २५ हजार". हा फक्त प्रवेश आणि हॉटेल. हे कोटेशन आठ दिवसांनी कमावलंय, म्हणून दिवसाला ४२ हजार. टायरचा सेट १ लाख ६० हजार धरला आणि तो चार दिवस टिकला, तर ४० हजार. पुण्याहून दोन्ही ट्रॅक बाराशे किलोमीटरच्या आसपास. गाडी वाहून नेणारा फ्लॅटबेड ट्रक जाऊन-येऊन ७० हजार, दोन दिवसांत वाटले तर ३५. पॅड आणि ब्रेक ऑइल १५. बेरीज १ लाख ५७ हजार. दीड म्हणू. वर्षाला चार दिवस म्हणजे सहा लाख, महिन्याला ५० हजार. तुमच्या घरात सर्वात मोठी एसआयपी गाडीची आहे आणि ती कुठल्याही स्टेटमेंटवर दिसत नाही. करायची तर जरूर करा, मी छंदांच्या विरोधात नाही. मात्र ती वेगळ्या खात्यात दिसू दे. किंवा दोन दिवसांवर या. तिथल्या प्रशिक्षण शाळांत शाळेचीच गाडी चालवायला मिळते, झीज त्यांची. आणि विकताना पैसे निघतील ही आशा सोडा. २०२७ मध्ये रजिस्ट्रेशनची १५ वर्षं भरतात, आणि कायमन घ्यायला येणारा माणूस ती लिफ्टवर चढवून बघतोच.

गाडीचा 'फुल इन्शुरन्स'. पॉलिसी उघडा आणि 'लिमिटेशन्स ॲज टू यूज' (वापराच्या मर्यादा) हा भाग शोधा. खासगी गाडीच्या प्रमाणित पॉलिसीत आयोजित शर्यत, पेस मेकिंग, स्पीड टेस्टिंग आणि रिलायबिलिटी ट्रायल्स वगळलेले असतात. वेळ न मोजता चालवलेला ट्रॅक-डे यात बसतो की नाही यावर वाद घालता येईल, पण समोर विमा कंपनीचा सर्व्हेअर असेल आणि तुमची गाडी भिंतीला टेकलेली असेल. बरं, रस्त्यावर अपघात झाला तरी दहा वर्षांवरच्या गाडीच्या धातूच्या भागांवर ५० टक्के घसारा, रबर-प्लॅस्टिकवरही ५०. 'फुल' हा शब्द विकणाऱ्याचा आहे, पॉलिसीत तो सापडणार नाही. ट्रॅकवर गाडी विनाविमा आहे असंच धरा. तेवढं नुकसान सोसवत असेल तर ठीक, गाडीच आहे.

टर्म प्लॅनचं तसं नाही. त्यातून ७२ लाखांचं कर्ज फिटायचंय, आणि उरलेल्या ७८ लाखांवर दोघींची पुढची वर्षं. विमा कायदा १९३८, कलम ४५: पॉलिसी सुरू झाल्यापासून तीन वर्षांच्या आत महत्त्वाची माहिती दडवल्याचं कारण देऊन कंपनी ती रद्द करू शकते. फसवणूक ठरली नाही तर भरलेले हप्ते परत मिळतात. दीड कोटींच्या जागी हप्ते! आणि मृत्यू ट्रॅकवरच झाला पाहिजे असंही नाही. दडवलेली गोष्ट कंपनीला कुठूनही कळू शकते. ट्रॅकवर सकाळी तुम्ही इन्डेम्निटीच्या, म्हणजे 'काही झालं तर जबाबदारी माझी' अशा, कागदावर सही करता, मित्र व्हिडिओ टाकतात. कंपनीला ती माहिती खरंच महत्त्वाची होती का, यावर भांडून कदाचित जिंकताही येईल. पण ते भांडण तुमच्या पत्नीला करावं लागेल, विमा लोकपालाकडे चकरा मारत, मागे बँकेचा हप्ता चालू असताना.

तीन वर्षांनंतर पॉलिसीला आव्हान देता येत नाही, हे तुम्ही शोधून काढालच. १४ महिने झाले, २२ राहिले, तोंड मिटून काढू, असा विचार आला असेल तर या २२ महिन्यांत तुम्ही किती वेळा ताशी दीडशेवर ब्रेक मारणार आहात ते मोजा. तेही मागून आवाज करणाऱ्या बेअरिंगवर.

आणि त्या रायडरने तर कमालच केली. ट्रॅकचा उल्लेख करू नका म्हणणाऱ्या माणसाने तुम्हाला अपघाताचा रायडर विकला! अशा रायडरच्या वगळणुकींत शर्यती आणि साहसी खेळ जवळपास नेहमी असतात. तुमच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा अपघाताचा धोका जिथे आहे, नेमकं तिथेच ते ५० लाख गैरहजर. कमिशन मात्र हजर.

उद्या विमा कंपनीला, एजंटला नव्हे, ईमेल करा: प्रपोजल फॉर्ममध्ये एक माहिती द्यायची राहिली, मी वर्षाला अमुक दिवस बंद ट्रॅकवर स्वतःची गाडी चालवतो, नोंद घेऊन पुढील अटी कळवा. कंपनी जादा हप्ता लावेल, किंवा ट्रॅकवरचा मृत्यू वगळेल, किंवा नकार देईल. विम्याच्या रकमेवर हजारी दोन रुपये जादा लावले असं धरलं तरी दीड कोटींवर वर्षाला ३० हजार, तुमच्या टायरच्या एका सेटच्या पाचव्या भागाहून कमी. नकार आला तर हीच माहिती देऊन दुसरीकडे अर्ज करा. नवी पॉलिसी हातात येईपर्यंत जुनीचा हप्ता चुकवू नका. ट्रॅकवरचा मृत्यू वगळला, तर पुन्हा हेल्मेट घालण्याआधी पत्नीला तो कागद वाचायला द्या.

कंपनीचं लेखी उत्तर येईपर्यंत पुढचं बुकिंग रद्द. एजंटचा फोन येईलच, "साहेब, एवढं काही होत नाही." त्यांना म्हणा, हेच वाक्य ईमेलवर पाठवा.