तो ताऱ्यांचा तक्ता उतरव

पोरी,

तुझं पत्र मिळालं. वर्गात तक्ता लावलास: पुस्तक वाचलं की तारा, दहा तारे झाले की कंपासपेटी. आता मुलं कपाटातली सगळ्यात पातळ पुस्तकं ओढतात आणि तारे संपले म्हटलं की हातातलं तसंच टाकून पळतात. तुझं चुकलं ते एवढंच, तू बक्षीस आधीच कबूल केलंस.

डी.एड.ला आपण मानसशास्त्रज्ञ मास्लोची माणसाच्या गरजांची उतरंड पाठ केली, 1943 ची. त्रिकोण काढून मार्क मिळवले. तो त्रिकोण त्याने स्वतः काढलेलाही नाही. त्याऐवजी 1973 चा लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांचा प्रयोग कुणी शिकवायला हवा होता. स्टॅनफर्ड विद्यापीठाची बालवाडी. चित्रांची मुळातच आवड असलेली मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलं तर सोनेरी शिक्क्याचं, लाल फितीचं प्रशस्तिपत्रक मिळेल. काहींना तेच पत्रक न सांगता नंतर दिलं. उरलेल्यांना काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात पुन्हा स्केचपेनं ठेवली, तेव्हा कबुली मिळालेली मुलं बाकीच्यांच्या जेमतेम निम्मा वेळ त्या पेनांपाशी रमली. अवचित पत्रक मिळालेल्यांची आवड होती तशीच राहिली. फीत तीच, शिक्का तोच! आधी कबूल केलं, तिथे बिघडलं.

माझा मुलगा चौथीत होता. शहाबादी फरशीवर पालथा पडून खडूने जादूचे चौरस मांडायचा. उभी, आडवी, तिरपी बेरीज जुळली की स्वतःशीच हसायचा. स्कॉलरशिपचं वर्ष म्हणून मी एका गणिताला आठ आणे लावले. स्कॉलरशिप मिळाली. परीक्षेनंतर म्हटलं, मांड की एखादा चौरस. तो म्हणाला, "आता कशाला?" खडू खिडकीत पडून राहिला.

मी वाईट आई नव्हते. हे गावी बदलीवर, घर-शाळा एकटीने ओढायची, आणि त्या स्कॉलरशिपची आम्हाला खरंच गरज होती. तरी ते आठ आणे मला अजून टोचतात. म्हणून तुझ्यावर ओरडतेय.

आता म्हणशील, काही मुलं पुस्तकाला हातच लावत नाहीत. अगं, ज्याला अक्षर लागत नाही त्याला तारा काय कामाचा? त्याच्या शेजारी बस, बोट धर, एक पान त्याचं त्याला वाचू दे. वाचून झाल्यावर मनापासून शाबासकी दे, हवं तर पेढा दे. पण आधी कबूल करू नकोस. हेडमास्तर तक्ता मागतील, तर कोण कुठलं पुस्तक घरी नेतंय त्याची वही दाखव. कबुली मात्र नाही म्हणजे नाही.

सोमवारी तक्ता उतरव. पत्राच्या शेवटी तू सहज लिहिलंयस, तिसरीतली एक मुलगी तारा घ्यायलाच विसरते. तिचे राहिलेले तारे मोजून तिच्या हातात देऊ नकोस. ती सध्या काय वाचतेय, तेवढं मला कळव.

तुझी,
बाई