सहा महिन्यांची तलवार आणि एका क्वेस्टची तलवार

प्रश्न (लालबाग): ऑनलाइन गेममध्ये सहा महिने रात्री जागून रेड (अनेक खेळाडूंनी मिळून करायची मोठी मोहीम) केली तेव्हा कुठे तलवार मिळाली. नवीन एक्सपान्शन (गेमचा पुढचा मोठा भाग) आलं आणि पहिल्या फुटकळ क्वेस्टमध्ये (कामगिरीत) तिच्यापेक्षा भारी तलवार. कंपन्या असं का करतात?

हे दुखणं जुनं आहे हो. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन गेमचं बर्निंग क्रुसेड हे एक्सपान्शन जानेवारी २००७ मध्ये आलं, लेव्हल ६० ची ७० झाली, आणि चाळीस-चाळीस जणांनी जमून मिळवलेली जांभळी एपिक्स (भारी दर्जाच्या वस्तू) आउटलँड या नव्या प्रदेशातल्या सुरुवातीच्या क्वेस्टमधल्या हिरव्या, म्हणजे साध्या दर्जाच्या वस्तूंपुढे फिकी पडायला लागली. कारण साधं आहे, नवीन आलेला किंवा वर्षभराने परतलेला माणूस जुन्यांच्या जवळ आला पाहिजे, नाहीतर तो पैसे कशाला भरेल. हे मला पटतं, पण हाच एक मार्ग आहे हे नाही पटत. गिल्ड वॉर्स २ बघा, २०१२ ला आला, लेव्हल कॅप, म्हणजे लेव्हलची कमाल मर्यादा, ८० होती ती आजही ८० च आहे. नवीन एक्सपान्शनमध्ये ग्लायडिंग दिलं, माउंट (स्वारीचे प्राणी) दिले, नवे स्पेशलायझेशन (खेळण्याच्या नव्या पद्धती) दिले. जुनी तलवार कपाटात नाही गेली.

प्रश्न (बोरिवली): डॅमेजचे (फटक्याने होणाऱ्या नुकसानाचे) आकडे लाखांत गेलेत. आकडे छोटे केले की पॉवर क्रीप (प्रत्येक नव्या भागात ताकद वाढत जाणं) जाईल का?

नाही जाणार. पगारातलं एक शून्य काढलं आणि वडापावच्या भावातलंही काढलं तर पोट तेवढंच भरणार ना. वॉरक्राफ्टने २०१४ मध्ये आकडे छोटे केले, कारण बॉसची (मोठ्या राक्षसाची) हेल्थ ३२-बिट आकड्याच्या मर्यादेला, म्हणजे साधारण २१४ कोटींना टेकायला आली होती. ती तांत्रिक गरज होती. पॉवर क्रीप बघायचा तर तोच जुना राक्षस आधी किती फटक्यांत मरायचा आणि आता किती फटक्यांत मरतो ते मोजा.

प्रश्न (गोरेगाव): मी वॉरक्राफ्टमध्ये शमन हा क्लास (पात्राचा प्रकार) खेळते. डॅमेज मीटरवर (कोणी किती डॅमेज केलं त्या यादीत) खाली दिसते म्हणून ग्रुपमध्ये घेत नाहीत. सगळे क्लास सारखे का नाही करत?

ताई, सारखे केले तर तुमचा शमन उरणारच नाही, फक्त कपडे वेगळे. प्रश्न असा विचारायचा की मला घ्यायला कारण आहे का? बर्निंग क्रुसेडमध्ये ब्लडलस्ट, म्हणजे थोडा वेळ हल्ल्याचा वेग वाढवणारा मंत्र, फक्त शमनकडे आणि ते स्वतःच्या पाच जणांच्या पार्टीलाच लागायचं, म्हणून पंचवीसच्या रेडमध्ये प्रत्येक पार्टीत एक शमन हवा असायचा, शमनची चंगळ आणि दुसरे डॅमेजवाले बाहेर! पुढच्या एक्सपान्शनमध्ये ते सगळ्या रेडला लागू केलं, मग २०१० च्या कॅटॅक्लिझममध्ये मेज, म्हणजे जादूगार क्लासलाही तसंच टाइम वॉर्प मिळालं. भांडण मिटलं खरं, पण शमनचं वेगळेपणही थोडं गेलं, हे मला अजून सलतं. आमच्या ग्रुपमध्ये एक पोरगा मीटरवर कायम तळाला असायचा, पण बॉसचा प्रत्येक कास्ट (मंत्र) अगदी वेळेवर तोडायचा, तो नसला की आम्ही तिसऱ्या मिनिटाला वाइप, म्हणजे सगळेच खलास. तुमच्या लीडरला मीटर सोडून इंटरप्टचा (कास्ट तोडल्याचा) लॉग दाखवा.

प्रश्न (परळ): नर्फ (हत्यार कमजोर करणं) कशाला? बाकीच्यांना बफ (ताकदवाढ) द्या की.

एका हत्यारासाठी वीस हत्यारं वाढवली की राक्षसही वाढवावे लागतात, तोच तर पॉवर क्रीप. ओल्ड स्कूल रूनस्केप या गेममध्ये ब्लोपाइप या फुंकनळीपुढे बाकीची रेंज (लांबून मारायची) हत्यारं कोणी हातात धरेना, २०२१ मध्ये ते कमजोर केलं, लोक चिडले. मी मात्र तेव्हाही नर्फच्या बाजूने होतो.