पडलेला दात दुधात ठेवा

प्रश्न : रेशीमबागेच्या मैदानावर भाच्याला बॉल लागून समोरचा दात मुळासकट पडला. वय दहा. आम्ही दात घासूनपुसून रुमालात बांधला आणि क्लिनिक उघडायची वाट पाहिली. चुकलं का? – एक मामा, नागपूर

उत्तर : मामा, रुमालातच घात झाला. मुळावर ओलसर, नाजूक आवरण असतं. त्यातल्या पेशी जिवंत असल्या तरच दात पुन्हा धरतो. घासलं की त्या खरवडल्या जातात आणि कोरड्या रुमालात मरतात. नागपूरच्या मे महिन्यात तर बोलायलाच नको!

पडलेला दात नेहमी वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला बोट लावू नका. माती लागली असेल तर दूध किंवा सलाईनने हलकेच धुवा. दूध-सलाईन नसेल तर नळाखाली दहाएक सेकंद धरा, बस्स. मुलगा शांत असेल तर दात सुलटा करून जागेवर बसवा आणि स्वच्छ रुमाल चावायला द्या. जमत नसेल तर सरळ थंड दुधात टाका. हळद, कोलगेट, लवंगतेल काही नको. अर्ध्या तासात डॉक्टर गाठले तर उत्तम. क्लिनिक बंद असेल तर वाट पाहू नका, मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात फोन करा. उशीर झाला तरी दात फेकू नका, सोबत न्या.

दुधाचा दात मात्र परत बसवायचा नाही, हिरडीत तयार होत असलेल्या पक्क्या दाताला इजा होऊ शकते. दहाव्या वर्षी समोरचा दात पक्काच असतो. भाच्याला आता तरी दाखवून आणा. आणि हो, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालं तेही तपासा.