प्रवासशंका: सहाशे किलोमीटरला दीड तास का?

प्रश्न : माझी नणंद मॉरिशसला कास्कावेलमध्ये राहते. तिच्याकडे गेल्यावर रॉड्रिग्ज बेट पाहायचा विचार आहे. दोन्हींमधलं अंतर कुणी ५६० किलोमीटर सांगतं, कुणी ६००, एका तक्त्यात तर ३२३ आहे. खरं कोणतं? आणि एवढ्याशा अंतराला विमान दीड तास कसा घेतं?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, तिन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. ५६० हा दोन बेटांमधल्या अंतराचा ढोबळ आकडा. विमानतळ ते विमानतळ, म्हणजे मॉरिशसचा प्लेझान्स ते रॉड्रिग्जचा प्लेन कोराय, सरळ रेषेत मोजलं तर जवळपास ६०० भरतात. आणि ३२३ हे सागरी मैल. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, गुणून बघा. आम्ही डिस्पॅचवाले, म्हणजे विमानांच्या उड्डाणांची आखणी करणारे, सागरी मैलांतच बोलायचो; घरी भाजी आणायला निघालो तरी तोंडात तेच.

आता वेळेचं. प्लेन कोरायची धावपट्टी जेमतेम १३०० मीटरची, त्यामुळे तिथं मोठी जेट उतरत नाहीत. जातं ते पंख्याचं एटीआर ७२, ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास. भागाकार केलात तर सव्वा तासाच्या आत येतं. पण तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, चढण, उतरण, सगळं त्यात. सगळा रस्ता ५०० च्या वेगानं कापत नाहीत हो.

खरी गंमत परतीला आहे. या भागात जमिनीलगतचा वारा बहुतेक आग्नेयेकडून येतो आणि विमान उतरतं ते वाऱ्याकडे तोंड करून. जाताना तुम्ही पश्चिमेकडून येता, म्हणजे प्लेन कोरायला जवळजवळ नाकासमोर उतरता. येताना उलट: मॉरिशस समोर दिसत असतं, पण वायव्येकडून उतरायचं तर बेटाला वळसा घालावा लागतो. बाजूचे प्रवासी ‘चुकला की काय?’ म्हणतील. तुम्ही निवांत बसा. एटीआरचे पंख डोक्यावर असतात, खाली बघायला आडकाठी नाही.

घड्याळ मात्र हलवू नका, दोन्हीकडे वेळ एकच. सूर्य तेवढा रॉड्रिग्जला सुमारे तेवीस मिनिटं आधी मावळतो, तेव्हा फिरायला लवकर बाहेर पडा.

कास्कावेल पश्चिमेला आणि विमानतळ आग्नेय कोपऱ्यात, म्हणजे बेट ओलांडून जायचं आहे. नणंदबाईंना सकाळची घाई आधीच सांगून ठेवा. सामानाची मर्यादा तिकिटावर पाहा. परतताना तिथला मध आणि लिंबा-मिरचीचं लोणचं घेतल्याशिवाय कुणी येत नाही आणि वजन तिथंच वाढतं. नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळांचे महिने. तेव्हा जाणार असाल तर रॉड्रिग्जहून येणं आणि मुंबईचं विमान एकाच दिवशी ठेवू नका, मध्ये एक रात्र नणंदेकडेच काढा.