‘रिंगू’ सिनेमात कादंबरीतली निम्मी गोष्ट का गाळली? पैसे कमी पडले म्हणून का?

पैसे कमी पडले म्हणून. हे वाक्य आमच्या घरात मी वीस-बावीस वर्षं ऐकतेय. त्यामुळे तुमचा प्रश्न वाचला, आधी चहा टाकला आणि मग लिहायला बसले. जी कॅसेट पाहिली की सात दिवसांनी मरण, अशा शापित कॅसेटची ही जपानी भुताची गोष्ट. तुम्ही कादंबरीही वाचलीय आणि तिच्यावरचा १९९८ चा सिनेमाही पाहिलाय, तेव्हा शेवट फोडला म्हणून कुणी माझ्या नावाने बोटं मोडू नयेत.

रत्नागिरी जिल्ह्यात आमची व्हिडिओ लायब्ररी होती. अण्णांची. परत आलेल्या कॅसेट रिवाइंड करणं आणि पावसाळ्यात बुरशी धरलेल्या बाजूला काढणं हे माझं काम. शिवाय कोऱ्या कॅसेटवर काही भरून झालं की मागची प्लास्टिकची चिपटी स्क्रू ड्रायव्हरने उडवायची, म्हणजे कुणाला वर रेकॉर्ड करता येत नाही. तरी लोक त्या खाचेवर सेलोटेप चिकटवायचे आणि करायचेच. एका गिऱ्हाइकाने मारामारीच्या सिनेमाच्या शेवटावर वन डे मॅचची दहा षटकं भरून कॅसेट परत केली होती, आणि वर ‘प्रिंट खराब आहे’ म्हणून भांडला होता.

दादा बोटीवर नोकरीला. १९९९ च्या मे महिन्यात सुट्टीवर आला तेव्हा योकोहामाच्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानातून ‘रिंगू’ची कॅसेट घेऊन आला. जपानची कॅसेट एनटीएससी, आमची मशिनं पाल, म्हणजे चित्राच्या दोन वेगळ्या पद्धती. साध्या व्हीसीआरवर घातली की रंग गायब आणि चित्र खालून वर घरंगळत राहायचं. दोन दिवस अण्णा त्या मशीनशी झटले. शेवटी आखातातून आलेल्या एका शेजाऱ्यांचा दोन्ही पद्धती चालणारा मल्टिसिस्टीम व्हीसीआर मागून आणला. सबटायटल नाहीत. कव्हरवर काय लिहिलंय तेही कळत नव्हतं.

जेवणं आटोपून चौघं बसलो. पहिला तासभर आईने तांदूळ निवडले. दादा प्रत्येक प्रसंगाचा अर्थ समजावून सांगत होता, आणि तो जवळजवळ सगळा चुकीचा होता हे पुढे कळलं. नायिका पोलीस आहे म्हणाला, ती निघाली पत्रकार. मग तो शेवटचा प्रसंग. नायिकेचा घटस्फोटित नवरा रियूजी घरात एकटा लिहीत बसलाय, टीव्ही आपोआप लागतो, विहीर दिसते, केस तोंडावर घेतलेली ती, म्हणजे सादाको नावाचं भूत, त्यातून बाहेर येते, चालत चालत पुढे येते, आणि मग काचेतून खोलीत.

आई म्हणाली, “बंद करा ते.” कुणी उठलं नाही. बंद करायचा तर टीव्हीजवळ जायला हवं होतं.

आमच्या टीव्हीला लाकडी शटर होतं. कित्येक वर्षं कुणी ते ओढलं नव्हतं. त्या रात्री आईने ओढलं.

आता तुमच्या प्रश्नाकडे. आम्हाला त्या सिनेमातला एक शब्द कळला नव्हता. सादाको कोण, तिला विहिरीत कुणी ढकललं, काही पत्ता नाही. तरी जे व्हायचं ते झालं. आणि नेमका तोच प्रसंग कोजी सुझुकींच्या १९९१ च्या कादंबरीत नाही! तिथे रियूजीला आरशात स्वतःचा चेहरा शंभर वर्षांचा म्हातारा झालेला दिसतो. कागदावर ते भारी आहे. पडद्यावर तो मेकअपवाल्याचा प्रयोग झाला असता. टीव्हीतून बाहेर येणं पटकथाकार हिरोशी ताकाहाशी आणि दिग्दर्शक हिदेओ नाकाता यांच्या सिनेमाने आणलं. तिची ती मोडकी चाल कशी केली माहितीय? नटी उलटी, मागे मागे चालली आणि फिल्म उलटी फिरवली. उलटं चालायला किती पैसे लागतात?

खर्चाचे जे आकडे सांगतात ते १२ ते १५ लाख डॉलरच्या घरातले आहेत. हॉलीवूडने २००२ मध्ये हीच गोष्ट ४ कोटी ८० लाख डॉलर खर्चून केली. बाई शेवटी टीव्हीतूनच आली.

दादाचं म्हणणं तुमच्यासारखंच. त्याने २००३ मध्ये आलेलं इंग्रजी भाषांतर वाचलं आणि तेव्हापासून ‘अगं, देवी रोगाच्या विषाणूचा सगळा भाग उडवला, सादाकोच्या शरीराचं रहस्य उडवलं, बजेट नव्हतं ना’ हे पालुपद सुरू आहे. साफ चूक. दोन माणसं बसून विषाणूबद्दल बोलतात याला कसला खर्च? आणि याहून मोठा पुरावा आहे. ३१ जानेवारी १९९८ ला जपानात ‘रिंगू’ एकटा लागलाच नाही. एकाच तिकिटावर दोन सिनेमे होते. दुसरा ‘रासेन’, म्हणजे पुढच्या कादंबरीवरचा. त्यात शवविच्छेदन, डीएनए, सगळं दादाचं आवडतं विज्ञान आहे. म्हणजे हे करायला पैसे होते, केलंही, आणि त्याच प्रेक्षकांना त्याच दिवशी दाखवलं. लोकांनी ‘रिंगू’ डोक्यावर घेतला. ‘रासेन’ इतका विस्मरणात गेला की पुढच्या वर्षी ‘रासेन’ जणू झालाच नाही असं धरून ‘रिंगू २’ काढला. कादंबरीला बरंचसं धरून केलेला टीव्हीवरचा एक सिनेमा १९९५ मध्येच येऊन गेला होता. त्याचं नाव आज किती जण घेतात?

गाळलं तसं ठेवलंही विचार करूनच. सादाकोच्या आईची पत्रकारांसमोर परीक्षा घेतात, कुणीतरी ‘लबाडी’ म्हणून ओरडतं, तो प्रसंग आठवा. त्याच्या मागे खरी हकिकत आहे. १९१० मध्ये फुकुराई नावाच्या तोक्योच्या प्राध्यापकांनी मिफुने चिझुको या बाईच्या अतींद्रिय दृष्टीचे जाहीर प्रयोग लावले, संशय घेतला गेला, पुढच्या वर्षी तिने विष घेतलं. विषाणू गेला, ती अपमानित बाई राहिली. मी असते तरी हेच केलं असतं.

दादाला हे पटत नाही, कारण त्याला ते दुकानाबद्दलही पटत नाही. अण्णांचं दुकान २००१ मध्ये बंद झालं. दादा पाहुण्यांना सांगतो, ‘पैसे नव्हते, सीडीत घालायला भांडवल नव्हतं.’ तो तेव्हा समुद्रावर होता, मी काउंटरवर होते. केबलवाला दोनदा येऊन गेला होता. भांडवल नको, फक्त तुमच्या कॅसेट आणि तुम्ही या, चार आणे भागी देतो म्हणाला. अण्णांनी नाही म्हटलं. “सगळ्या गावाला एकाच वेळी एकच सिनेमा दाखवायचा, मग कुणाला काय आवडतं हे लक्षात ठेवून मी करू काय?” हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. तो माणूस परिस्थितीने हरला नव्हता, त्याने ठरवून शटर ओढलं होतं. तेव्हा कुणी काही सोडलं की लगेच ‘पैसे नसतील’ म्हणू नका, एवढंच माझं तुम्हाला सांगणं आहे. दादालाही.

कॅसेटची कॉपी काढून दुसऱ्याला दाखवली तरच जीव वाचतो हे पुढे सबटायटलवाली डीव्हीडी आली तेव्हा कळलं. अण्णा म्हणाले, “चांगलं आहे. म्हणजे एका गिऱ्हाइकामागे दोन भाडी.”

आता थोडं तुमच्या बाजूने. सगळंच बरोबर गाळलं असं नाही. कादंबरीत कॅसेटमधलं चित्र मधेच क्षणभर काळं होतं, आणि ती पापण्यांची उघडझाप आहे, म्हणजे हे कॅमेऱ्याने नाही, कुणाच्या तरी डोळ्यांनी टिपलंय, हे रियूजी आणि त्याचा पत्रकार मित्र शोधून काढतात. ते जायला नको होतं. त्याऐवजी सिनेमातल्या रियूजीला नुसत्या स्पर्शाने सगळं दिसतं, ही चक्क पळवाट आहे. आणि कादंबरीतल्या कॅसेटच्या शेवटी जीव वाचवायचा उपाय असतो, त्यावर पोरांनी डास मारायच्या कॉइलची जाहिरात रेकॉर्ड केलेली असते, तेही गेलं. आमच्या काउंटरवर बसलेल्या माणसाला तो भाग वाचून जे हसू येतं ते तुम्हाला यायचं नाही. शिवाय मला जपानी येत नाही, मी बोलतेय ते भाषांतराच्या भरवशावर. आणि पैसा कधीच आड येत नाही असंही मी म्हणत नाहीये. इथे तो कारण नव्हता, एवढंच.

पुन्हा पाहणार असाल तर मोबाइलवर पाहू नका, टीव्हीवर पाहा.

दादा ती कादंबरी बोटीवर रात्रीची ड्यूटी संपवून वाचायचा. चौथ्या रात्री त्याने केबिनमधल्या टीव्हीवर टॉवेल टाकला, हे त्याने स्वतः वहिनीला सांगितलंय. कादंबरीत टीव्हीतून कुणीही बाहेर येत नाही, दादा.