वाचक विचारतात : ५९९ चं बिल १३५२ कसं झालं?

प्रश्न : दादा नमस्कार. आम्ही देवगड तालुक्यातले, वाडीचं नाव छापू नका कारण आमच्याकडे एक शिंकला की खालच्या वाडीत कळतं. घरची कलमं आहेत, सीझनला पेट्या पाठवतो, ऑर्डरी सगळ्या माझ्या व्हॉट्सअॅपवर येतात. जानेवारीत आठवडा बाजाराला गेलो तर एसटी स्टँडच्या बाहेर एका मोठ्या मोबाइल कंपनीची छत्री लावून एक मुलगा बसलेला, गोड बोलणारा, म्हणाला ताई तीन तीन रिचार्ज कशाला मारता, पोस्टपेड फॅमिली घ्या, तिन्ही सिम मिळून ५९९, सिनेमांचं अॅप वर्षभर फ्री, तुमच्या वाडीत आमची फुल रेंज आहे आणि नाय आवडलं तर कधीपण परत प्रीपेड. आम्ही माझा, ह्यांचा आणि सासूबाईंचा असे तिन्ही नंबर त्याच्याकडे पोर्ट केले. टॅबवर सगळं इंग्रजीत होतं, तो भराभर वर सरकवत होता आणि मी ओटीपी सांगत होते. सासूबाईंचा अंगठा दोनदा घेतला, म्हणे पहिला नीट आला नाही.

पहिलं बिल आठशेच्या वर आलं, वाटलं सुरुवातीचं काहीतरी असेल, भरलं. दुसरं आलं १३५२.२८! ५९९ एकट्या माझ्या नंबरचे, बाकीच्या दोघांचे १९९ प्रमाणे वेगळे, अॅप एकच महिना फ्री होतं त्याचे १४९ आणि वर जीएसटी. आणि रेंज म्हणाल तर घरात शून्य, सड्यावर गेलं की दोन दांड्या. छत्री गेली, मुलगा फोन उचलत नाही, गॅलरीवाले (कंपनीच्या दुकानातले) म्हणतात तो आता आमच्याकडे नाही. कस्टमर केअरला चार वेळा लावला, प्रत्येक वेळी नवीन माणूस, तुम्ही ओटीपी दिलात म्हणजे मान्य केलंत आणि ९० दिवस काही बदलता येणार नाही. सासूबाई म्हणतात, "माका मोबाइलातला काय कळता, तेना सांगल्यान अंगठो लाव, मिया लावलंय." माझ्याकडे त्या मुलाचा एक व्हॉइस मेसेज तेवढा आहे, "ताई ५९९ फिक्स, टेन्शन नको." त्याचा काही उपयोग होईल का, की बिल न भरता सिम फेकून द्यावं?

उत्तर : ताई, सिम फेकू नका आणि तो मेसेज तर अजिबात डिलीट करू नका. तुमच्या अख्ख्या पत्रात सोनं कुठे असेल तर त्या पाच सेकंदात आहे, कारण बाकी सगळं "तो म्हणाला, मी म्हणाले" आहे आणि हा मात्र त्याचा स्वतःचा आवाज आहे. ते चॅट एक्सपोर्ट करून स्वतःलाच मेल करून ठेवा, फोन बदलायचा असेल तरी जुना फोन विकू नका. पुढे कुठे पुरावा म्हणून द्यायची वेळ आलीच तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली एक सर्टिफिकेट जोडावं लागतं, अवघड नसतं, ते तेव्हा बघू.

आता "तो आमच्याकडे नाही" याबद्दल. हे वाक्य ऐकून माणसं घरी परत येतात आणि तिथेच हरतात. अहो नसेना का तो! त्या दिवशी छत्री कंपनीची होती, टॅब कंपनीचा होता, सिम कंपनीची होती. १८७२ चा करार कायदा आहे आपला, त्याच्या कलम २३८ मध्ये लिहिलंय की एजंटने काम करता करता जी दिशाभूल केली ती मालकानेच केल्यासारखी धरायची. त्यामुळे मुलगा नोकरी सोडून गोव्याला गेला काय आणि दुबईला गेला काय, तुमचं भांडण कंपनीशी आहे, त्याच्याशी नाही. त्याच्या घरी वगैरे जाऊ नका, त्याला कमिशन मिळालं असेल नसेल कोण जाणे.

पण एक गोष्ट आधी तपासा आणि स्वतःशी खरं बोला. पोर्ट झाल्यावर कंपनीचा वेलकमचा एसएमएस किंवा मेल आलेला असणार, त्यात प्लॅनचं काय लिहिलंय? जर त्यात १९९ चे दोन कनेक्शन वेगळे असं स्पष्ट लिहून आलं असेल तर कंपनी तेच नाचवणार, की बाईंना कळायला वाव होता, त्यांनी वाचलं नाही. केस संपत नाही, कमजोर होते. आणि दुसरं, जीएसटी. प्रीपेडच्या रिचार्जमध्ये तो धरलेला असतो, पोस्टपेडचा आकडा सांगतात तो जीएसटी सोडून, म्हणून ५९९ म्हणजे ५९९ असा हट्ट धरू नका. ५९९ वर १८ टक्के १०७.८२, म्हणजे तुम्ही कबूल केलेलं महिन्याचं बिल ७०६.८२. आलंय १३५२.२८. तुमचं भांडण ६४५.४६ चं आहे. हा आकडा पैशासकट लिहायचा, "खूप जास्त बिल आलं" असं मोघम लिहिलं की समोरचाही मोघम उत्तर देतो.

आता मुख्य काम. तुम्ही चार वेळा फोन केलात म्हणता पण डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नोंदणी क्रमांक, किती वेळा घेतलात? पत्रात एकही नाही. देवळात गाऱ्हाणं घालताना सगळ्यांनी "होय महाराजा" म्हटलं की भागतं, कस्टमर केअरला नाही भागत, तिथे नंबर नसेल तर तुम्ही फोन केलाच नव्हता असं धरतात. पाचव्यांदा फोन लावा, सड्यावर उभं राहून का होईना, आणि पहिलं वाक्य हेच म्हणा की मला चौकशी करायची नाही, तक्रार नोंदवायची आहे, डॉकेट नंबर एसएमएसने पाठवा. तो यायलाच हवा, ट्रायचा, म्हणजे मोबाइल कंपन्यांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी नियामकाचा, २०१२ चा नियम आहे. तारीख, वेळ आणि नंबर कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवा, जिथे दुधाचा हिशेब असतो तिथेच.

त्याच दिवशी एक मेल टाका. मराठीत लिहा, बिनधास्त. साधारण असं :

"अमुक तारखेला अमुक ठिकाणच्या बाजारात तुमच्या छत्रीवर तुमच्या प्रतिनिधीने तिन्ही सिम मिळून ५९९, अॅप वर्षभर मोफत, वाडीत पूर्ण रेंज आणि हवं तेव्हा प्रीपेड असं सांगून आमचे तीन नंबर घेतले. त्याचा व्हॉइस मेसेज माझ्याकडे आहे. बिल मात्र १३५२.२८ चं आलं. पहिल्या दिवसापासून ठरलेल्या दराने बिल दुरुस्त करावं, जादा घेतलेले पैसे परत करावेत, अॅप बंद करावं आणि तिन्ही नंबर कुठलाही चार्ज न लावता प्रीपेड करून द्यावेत. डॉकेट नंबर अमुक."

एवढंच. तुमची किती गैरसोय झाली, सासूबाईंना किती त्रास झाला ते यात नको, तो मजकूर पुढच्या पायरीला लागेल.

रेंजचा पुरावा तर कंपनीनेच तयार करून ठेवलाय. ट्रायने कंपन्यांना कुठे कव्हरेज आहे त्याचे नकाशे आपापल्या वेबसाइटवर टाकायला लावलेत. आपली वाडी त्यावर शोधा आणि स्क्रीनशॉट काढा. वाडी रंगात नसेल तर मुलगा खोटं बोलला हे कंपनीचाच नकाशा सांगतोय, आणि रंगात असूनही फोन मुका असेल तर नकाशाच खोटा. दोन्हीकडून तुमचंच. (आपल्याकडे डोंगराच्या एका कुशीला रेंज आणि दुसऱ्या कुशीला नाही हे शेंबड्या पोरालाही माहीत, पण स्क्रीनशॉट हवा तो हवाच.)

बिल भरायचं की नाही? तत्त्वाने म्हणाल तर ७०६.८२ भरा आणि बाकीच्यावर तक्रार ठेवा. पण तुमचा नंबर ऑर्डरींचा आहे, थकबाकी दाखवून आउटगोइंग बंद केलं तर ऐन सीझनला कोणाला सांगत बसणार, शिवाय थकबाकी असली की नंबर पोर्टही होत नाही. मी तुमच्या जागी असतो तर मुकाट पूर्ण भरलं असतं आणि लगेच मेलवर लिहिलं असतं की "तक्रार कायम ठेवून, विरोध नोंदवून भरते आहे." भरलं म्हणजे कबूल केलं असं नाही. फक्त ऑटो-पे लावलं असेल तर ते आधी काढून टाका.

ते ९० दिवसांचं, त्यात कस्टमर केअरवाल्याने दोन नियम एका टोपात कालवलेत. ९० दिवस थांबायचं ते दुसऱ्या कंपनीत पोर्ट करायला. जानेवारीच्या मध्यावर पोर्ट झालात म्हणजे एप्रिलच्या मध्यावर मोकळ्या, नेमक्या पेट्या सुटायच्या वेळी. त्याच कंपनीत पोस्टपेडचं प्रीपेड करणं ही वेगळी गोष्ट. ते ओटीपीवर करायची सोय दूरसंचार विभागाने सप्टेंबर २०२१ मध्ये दिली, एकदा बदललं की परत बदलायला तेव्हा ९० दिवस होते, जून २०२५ मध्ये पहिल्या वेळेसाठी ते ३० वर आणले. आणि तेवढंही थांबायचं नसेल तर कंपनीच्या अधिकृत दुकानात जाऊन नव्याने केवायसी करून बदलता येतं. तेव्हा आधी प्रीपेड करून घ्या, मीटर थांबवा, भांडण मग निवांत. पोर्ट करायचं तर सीझन उरकल्यावर करा, मधे काही तास नंबर बंद पडतो.

सासूबाईंचा दुसरा अंगठा मला बिलापेक्षा जास्त खुपतोय. "नीट आला नाही, परत लावा" म्हणून दुसऱ्या अंगठ्यावर दुसरंच सिम काढायचे प्रकार झालेले आहेत. तुमच्या बाबतीत तसंच झालं असं मी म्हणत नाही, खरंच नसेल आला, कातळावर आयुष्य काढलेल्या बायकांचे अंगठे मशीनला लागत नाहीत हे रेशनच्या दुकानात आपण रोज बघतो. पण संचार साथी या सरकारी साइटवर जाऊन त्यांच्या नावावर किती नंबर आहेत ते आजच बघा, त्यांच्याच मोबाइलच्या ओटीपीवर पाच मिनिटांचं काम. ओळखीचा नसलेला नंबर दिसला तर तिथेच "माझा नाही" म्हणून कळवायची सोय आहे.

कंपनीने डॉकेटवर "तक्रार बंद" असा एसएमएस टाकला (टाकतीलच), किंवा बिलाच्या तक्रारीची चार ते सहा आठवड्यांची मुदत उलटली, की तीस दिवसांच्या आत कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जायचं. नाव भारदस्त आहे, पण पत्ता आणि मेल कंपनीच्या साइटवर असतो, फी नाही, आणि त्यांनी ३९ दिवसांत निकाल द्यायचा असतो. माझा अनुभव विचाराल तर छोट्या रकमा इथेच सुटतात, कारण इथे पहिल्यांदा कोणीतरी आख्खं पत्र वाचतो. मधल्या काळात १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनलाही नोंदवून ठेवा, तिथे मराठीत बोलता येतं. ट्रायला पत्र लिहू नका, ट्राय एकट्यादुकट्याची तक्रार सोडवत नाही.

आणि तरी नाहीच ऐकलं तर ओरोस. जिल्हा ग्राहक आयोग. पूर्वी कंपन्या सांगायच्या की टेलिफोनच्या भांडणाला टेलिग्राफ कायदा लागतो, ग्राहक कोर्ट नाही, पण फेब्रुवारी २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते मोडीत काढलं, आणि २०१९ च्या ग्राहक कायद्यात तर टेलिकॉम सेवा नाव घेऊन घातली आहे. त्याच कायद्यामुळे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात केस करता येते. पाच लाखांपर्यंत फी नाही, वकील लागत नाही, ई-जागृती या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन भरता येते, मुदत दोन वर्षं. एक बारीक खोच सांगतो, तक्रारीत "अनुचित व्यापारी प्रथा" आणि "सेवेतील त्रुटी" हे शब्द वापरा, "अन्यायकारक करार" असं लिहाल तर ती तक्रार राज्य आयोगाकडे जाते आणि तुम्ही जिल्ह्याबाहेरच्या फेऱ्या मारत बसाल. आता ६४५ रुपयांसाठी ओरोसला एसटीने तीन फेऱ्या परवडतात का हे तुम्हीच ठरवा. दर महिन्याचे ६४५ आणि गेलेल्या ऑर्डरी धरल्या तर मला वाटतं परवडतात.

प्रश्न : मुंबईत तीस वर्षं काढून आता कायमचा गावी आलोय, दापोलीजवळ. मुंबईच्या नंबरला इथे रेंज नाही, कंपनी बदलायचीय तर दुकानदार म्हणतो काका सर्कल वेगळं, नंबर बदलावा लागेल, नवीन सिम घ्या. बँक, पेन्शन सगळं त्या नंबरला आहे.

उत्तर : काका, सर्कल वेगळं हे खरं, मुंबई वेगळी आणि आपण महाराष्ट्र-गोवा. पण जुलै २०१५ पासून देशात कुठेही नंबर तोच ठेवून पोर्ट होतो. १९०० वर पोर्ट असा इंग्रजीत शब्द, स्पेस आणि तुमचा नंबर असा मेसेज टाका, कोड येईल, तो चार दिवस चालतो, आधार घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जा. एकाच सर्कलमध्ये तीन कामाचे दिवस लागतात, तुम्हाला पाच लागतील, त्या दिवसांत बँकेचे व्यवहार काढू नका, मधेच ओटीपी अडकतो. दुकानदाराला नवीन सिमचं टार्गेट असेल, दुसऱ्या दुकानात जा.

प्रश्न : आईकडे बटणांचा साधा फोन आहे. गॅलरीवाला दर वेळी नेटचाच पॅक मारतो, म्हणतो नुसता बोलायचा येतच नाही. खरं का?

उत्तर : आता खरं नाही. ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये नियम बदलला, कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचा पॅक ठेवावाच लागतो, आणि अशा पॅकची मुदत वर्षापर्यंत असू शकते. कंपनीच्या अॅपमध्ये तो बऱ्याचदा अगदी खाली ढकललेला असतो, स्क्रोल करत जा. तुमच्या फोनवरून आईच्या नंबरला तुम्हीच मारा, गॅलरीत जायची गरजच नाही.